अठराचे पाच झाले, तेरा टक्के कुठे गेले?

आधी उदाहरण, मग त्याची चिरफाड.

"एका किराणा-जनरल दुकानात २१ सप्टेंबर २०२५ च्या रात्री दोन गटांचा माल शिल्लक होता. पहिल्या गटावर १८% आणि दुसऱ्या गटावर १२% जीएसटी होता. दोन्ही गटांची करासहित छापील किंमत मिळून ₹२८,९०० होती. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही गटांवरचा दर ५% झाला. करपात्र किमती, म्हणजे कर चढवण्याआधीच्या किमती, तशाच ठेवून नव्या दराने हिशेब केला, तेव्हा एकूण छापील किंमत ₹२६,२५० झाली. तर प्रत्येक गटाची करपात्र किंमत किती? आणि पहिल्या गटातल्या मालाची छापील किंमत शेकडा किती उतरली?"

दुकान आणि रकमा हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून जुळवल्या आहेत, दर मात्र खरे आहेत. जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत हे दर ठरले आणि २२ सप्टेंबरपासून लागू झाले. शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल, अंगाचा साबण, बिस्किटे ही मंडळी १८ वरून ५ वर आली. तूप, लोणी, पाकीटबंद फरसाण, सुकामेवा १२ वरून ५ वर आले. मधल्या एकोणीस दिवसांत "अठराचे पाच, म्हणजे तेरा टक्के स्वस्त" हे वाक्य इतक्या तोंडी झाले की पुढे बिल हातात पडल्यावर अनेकांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले. फसवणूक झाली नव्हती. एकोणसाठ रुपयांची शाम्पूची बाटली साडेबावन्नला मिळाली, तर हिशेब बरोबर होता. तेरा टक्के काढत बसणारा ग्राहक मात्र ₹५१.३३ ची वाट पाहत होता.

दहावीच्या बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणे एका प्रकरणात आणि जीएसटी अर्थनियोजनाच्या प्रकरणात येतो. वरचे उदाहरण या दोन्हींच्या सांध्यावर बसते, आणि पोरे अडकतात ती नेमकी सांध्यावरच. समीकरण सोडवता येते, टक्के काढता येतात, पण टक्के समीकरणात बसवताना गाडी घसरते.

शंभर कोण?

जुन्या हिशेबांत 'टक्के' ऐवजी 'दर शेकडा' म्हणत. तो शब्द जास्त प्रामाणिक होता, कारण तो ऐकताच प्रश्न पडतो: शेकडा कशाचा? शेकडा १८ कर म्हणजे करपात्र किमतीच्या दर शंभर रुपयांमागे १८ रुपये. शंभर आहे ती करपात्र किंमत. छापील किंमत आपोआप ११८ होते. ती शंभर कधीच नसते. या उदाहरणातल्या जवळजवळ सगळ्या चुका ११८ ला शंभर समजल्यामुळे होतात.

मराठीत हे ओळखायची खूण शब्दाच्या शेपटीत असते. "१५,००० वर १८% कर" यातला 'वर' सांगतो की १५,००० हे शंभर, कर बाहेरून चढवायचा. "१७,७०० मध्ये १८% कर धरला आहे" यातला 'मध्ये' सांगतो की कर पोटात आहे, म्हणून १७,७०० हे ११८. 'करासहित', 'सर्व करांसह', 'छापील किंमत' हे शब्द 'मध्ये'च्या घरातले. 'अधिक जीएसटी', 'कर वेगळा' हे 'वर'च्या घरातले. उदाहरण वाचताना या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली तर निम्मे काम झाले. आमच्या मते टक्क्यांच्या शाब्दिक उदाहरणात सूत्र आठवण्याआधी समासात 'शंभर = ?' एवढे लिहायची सवय लावणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. गुण त्याला मिळत नाहीत, त्यामुळे ती सवय कुणी लावत नाही, एवढेच.

समीकरणे

शंभर करपात्र किंमत आहे, म्हणून चलही तिलाच द्यायचे.

पहिल्या गटाची करपात्र किंमत क्ष रुपये, दुसऱ्या गटाची य रुपये मानू.

जुन्या दराने:
क्ष + (१८/१००)क्ष + य + (१२/१००)य = २८,९००

दोन्ही बाजूंना १०० ने गुणून:
११८क्ष + ११२य = २८,९०,००० …(१)

नव्या दराने:
१०५क्ष + १०५य = २६,२५,०००

इथे घाईने दोन्ही समीकरणांचे सहगुणक समान करायला धावू नये. दुसऱ्या समीकरणाला १०५ चा भाग जातो:
क्ष + य = २५,००० …(२)

(२) ला ११२ ने गुणले की ११२क्ष + ११२य = २८,००,०००. हे (१) मधून वजा करू:
६क्ष = ९०,०००
क्ष = १५,०००, आणि (२) वरून य = १०,०००.

पडताळा: १५,००० वर १८% म्हणजे २,७००, छापील किंमत १७,७००. १०,००० वर १२% म्हणजे १,२००. छापील किंमत ११,२००. बेरीज २८,९००. नव्या दराने १५,७५० आणि १०,५००, बेरीज २६,२५०. जुळले.

आता दुसरा प्रश्न. पहिल्या गटाची छापील किंमत १७,७०० वरून १५,७५० झाली, म्हणजे १,९५० रुपये उतरली. "शेकडा किती उतरली" हे विचारताना शंभर बदलले, हे लक्षात घ्यायला हवे. उतार नेहमी आधीच्या आकड्यावर मोजतात, म्हणून इथे शंभर म्हणजे १७,७००:
१,९५० ÷ १७,७०० × १०० = ११.०२ (जवळपास)

एकाच उदाहरणात, चार ओळींच्या अंतराने, शंभरचा मान एकदा करपात्र किमतीला आणि एकदा जुन्या छापील किमतीला मिळाला. मुळात १३ रुपये कमी झाले ते १०० पैकी नव्हे, ११८ पैकी. १३/११८ म्हणजे ११.०२ टक्के. रुपये तेराच गेले, पण मोजपट्टी लांब झाली.

चल चुकीच्या जागी ठेवले तर

उत्तर चुकत नाही, घाम निघतो. छापील किमतींनाच क्ष आणि य मानणारी पुष्कळ मुले असतात, कारण दुकानात डोळ्यांना तीच दिसते. मग पहिले समीकरण देखणे येते: क्ष + य = २८,९००. पण नव्या किमतीसाठी आधी ११८ ने भागून करपात्र किंमत काढायची आणि मग १०५ ने गुणायचे:
१०५क्ष/११८ + १०५य/११२ = २६,२५०

१०५ ने भागून:
क्ष/११८ + य/११२ = २५०

११८ म्हणजे २ × ५९, आणि ५९ ही मूळ संख्या. ११२ शी तिचे काही नाते नाही. लसावि ६,६०८ येतो. त्याने गुणल्यावर:
५६क्ष + ५९य = १६,५२,०००

पहिल्याला ५६ ने गुणून वजा केले की ३य = ३३,६००, म्हणून य = ११,२०० आणि क्ष = १७,७००. उत्तर तेच, पण वाटेत ६,६०८ आणि सोळा लाख बावन्न हजार हे दोन खड्डे. परीक्षेत बहुतेकांचा तोल ६,६०८ शीच जातो. आणि य = ११,२०० मिळाल्यावर "करपात्र किंमत ₹११,२००" असे लिहून मोकळे होणारेही असतात. चल कशासाठी मानले होते ते विसरले की बरोबर गणिताचे उत्तर चूक ठरते.

बीजगणिताशिवाय

हेच उदाहरण तोंडी सुटते, आणि एकदा तसे सोडवल्याशिवाय समीकरणांतला ६क्ष कुठून आला ते कळत नाही. नव्या दराने दोन्ही गटांवर ५ टक्केच आहेत, म्हणून २६,२५० मधून कर काढला की एकूण करपात्र किंमत मिळते: २६,२५० ला १.०५ ने भागून २५,०००. आता सगळाच माल १२ टक्क्यांचा होता असे समजा. मग जुनी छापील किंमत २८,००० झाली असती. प्रत्यक्षात ती २८,९०० होती. जादा ९०० रुपये आले कुठून? पहिल्या गटावर १२ ऐवजी १८ होते, म्हणजे शेकडा ६ जादा, तिथून. शेकडा ६ प्रमाणे ९०० रुपये यायला १५,००० रुपयांचा माल लागतो. संपले. समीकरणातला ६क्ष = ९०,००० हीच गोष्ट शंभरपटीने सांगतो.

पोटातला कर काढणे

दुकानदाराला लागते ती हीच पायरी, आणि सगळ्यांत जास्त तीच चुकते. १७,७०० मध्ये १८% कर आहे, तो काढा म्हटले की कॅल्क्युलेटरवर बोटे आपोआप १७,७०० वजा १८% दाबतात. उत्तर १४,५१४. बरोबर उत्तर १५,०००. फरक ४८६ रुपये, आणि हा ४८६ उगाच आलेला नाही: तो २,७०० चा १८ टक्के आहे. म्हणजे करावरही कर कापला गेला. चूक नेहमी एवढीच आणि याच जातीची असते: दर गुणिले कर. ती ओळखता आली की दुसऱ्याच्या वहीतला चुकीचा आकडा पाहूनच तो कसा आला ते सांगता येते.

योग्य कृती गुणोत्तराची. ११८ मध्ये १८ कर, म्हणून छापील किमतीचा १८/११८, म्हणजे ९/५९ भाग कर. १७,७०० ला ५९ ने भागून ३००, गुणिले ९, २,७००. बारा टक्क्यांसाठी १२/११२, म्हणजे ३/२८. पाच टक्क्यांसाठी ५/१०५, म्हणजे नेमका एकविसावा भाग. हा तोंडपाठ ठेवावा, कारण आता किराण्यातला बहुतेक करपात्र माल याच दरात आहे. साडेबावन्नच्या बाटलीत कर ५२.५० ÷ २१, अडीच रुपये.

बिलावर मात्र हे अडीच रुपये एका ओळीत दिसत नाहीत. सव्वा रुपया केंद्राचा आणि सव्वा रुपया राज्याचा अशा दोन ओळी असतात, प्रत्येकीपुढे २.५%. त्यामुळे नवीनच चूक जन्मते: केंद्राचा कर २.५% आहे ना, मग ५२.५० ला १.०२५ ने भागा. ५१.२२ येतात आणि कर १.२८. हे चूक, कारण ५२.५० च्या पोटात एक नव्हे, दोन्ही कर आहेत, ते १०२.५ नसून १०५ आहेत. केंद्राचा वाटा ५२.५० × २.५/१०५, म्हणजे १.२५.

तेरा टक्क्यांची चूक कुणाच्या खिशातून जाते

समजा दुकानदाराने १८ च्या गटावर सरळ १३% आणि १२ च्या गटावर सरळ ७% कमी केले. पहिला गट १७,७०० वरून १५,३९९ वर येईल, यायला हवा होता १५,७५० वर. ३५१ रुपये कमी. पुन्हा तीच खूण: २,७०० चा १३ टक्के. दुसरा गट ११,२०० वरून १०,४१६ वर, यायला हवा १०,५०० वर. ८४ कमी, म्हणजे १,२०० चा ७ टक्के. दोन्ही मिळून ४३५ रुपये.

हे सगळे ४३५ त्याच्या खिशातून जात नाहीत, कारण कमी किमतीला विकले की करही थोडा कमी भरावा लागतो. ४३५ हीसुद्धा करासहित रक्कम आहे, पोटात ५% धरून. ४३५ ÷ १.०५ = ४१४.२९ रुपये त्याच्या उत्पन्नातून गेले आणि उरलेले २०.७१ सरकारच्या करातून.

याउलट मूळ २,६५० रुपयांच्या उताराने त्याचे काहीच जात नाही, हे अनेक दुकानदारांना पटत नव्हते. "माल घेताना अठरा टक्के भरलेत, आता विकताना पाचच घ्यायचे, मधले तेरा माझ्या बोडख्यावर" हा सूर त्या आठवड्यात सर्रास होता. नियमित नोंदणी असलेल्या दुकानदाराने खरेदीवर भरलेला कर त्याच्या खात्यात जमा दिसतो आणि पुढच्या देण्यातून वळता होतो. विक्रीचा दर उतरला म्हणून ती जमा नाहीशी होत नाही. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला मात्र ही जमा मिळतच नाही, त्याचा हिशेब वेगळा. उदाहरण तयार करणाऱ्याने "नियमित नोंदणी असलेला" हे तीन शब्द घातले तर पुढचा वाद टळतो.

रुपयामागे एक आणा

बारा वरून पाच हा उतार ७/११२, म्हणजे १/१६ आहे. जुन्या मंडळींना हे सांगायची गरज नाही: रुपयाचे सोळा आणे, म्हणजे रुपयामागे बरोबर एक आणा स्वस्त. ५६० च्या तुपाच्या बरणीतून ५६० चा सोळावा भाग, ३५ रुपये, वजा, ५२५. टक्क्यांत ६.२५. ज्या टीव्ही आणि एसीवर २८ चे १८ झाले, तिथला उतार १०/१२८, म्हणजे ५/६४. जुन्या रुपयाचे पैसे चौसष्ट, त्यातले पाच: रुपयामागे सव्वा आणा. ३८,४०० चा एसी ३५,४०० ला. टक्क्यांत ७.८१, लोकांच्या तोंडी दहा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली आणि ही अपूर्णांकांची सोय बाजारातून गेली, पण सोळा आणि चौसष्टचे भाग तोंडी जमतात तितके ७.८१२५ टक्के जमत नाहीत. १३/११८ ला मात्र कुठल्याच नाण्याचा आधार नाही; ५९ आडवा येतो.

म्हणूनच १८ वरून ५ साठी "साधारण अकरा टक्के" असे पाठ करून गुणाकार करू नये. १७,७०० चे ११% काढले तर नवी किंमत १५,७५३ येते, तीन रुपयांनी चुकते. १०५/११८ ने गुणावे, शेवटी एकदाच पूर्णांकात आणावे. मधल्या पायरीला ११.०२ लिहून पुढे त्याच्यावर काम करणाऱ्याचा पडताळा जुळत नाही आणि मग तो बरोबर असलेली समीकरणे खोडतो.

बाकीच्या चुका, थोडक्यात

"क्ष अधिक त्याचे १८%" याऐवजी क्ष + १८/१०० लिहिणे. हे लिहिले की १५,००० रुपयांवर अठरा पैसे कर लागतो. टक्क्यापुढे कशाचे ते लिहिलेच पाहिजे. नुसता १८/१०० हा आकडा आहे, कर नव्हे.

दोन दरांची सरासरी घेणे. १८ आणि १२ ची सरासरी १५ धरून २८,९०० ÷ १.१५ केले तर २५,१३०.४३ येतात, २५,००० नाही. कारण माल सारखा नाही. खरी सरासरी मालाच्या वजनाने: (२,७०० + १,२००) ÷ २५,००० = १५.६%. दोन्ही गटांचा माल समान असता तरच १५ चालले असते, आणि मग उदाहरणच उरले नसते.

मिश्रणाच्या रीतीने सोडवू पाहणाऱ्यांसाठी एक सापळा आहे. एकूण उतार २,६५० ÷ २८,९०० = ९.१७%. एका बाजूला ११.०२, दुसऱ्या बाजूला ६.२५, मध्ये ९.१७, फरक घेऊन गुणोत्तर काढले की सुमारे १.५८ येते. करपात्र किमतींचे गुणोत्तर तर १५,००० : १०,०००, म्हणजे १.५. रीत चुकली का? नाही. उताराचे टक्के छापील किमतींवरचे आहेत, म्हणून गुणोत्तरही छापील किमतींचे मिळते: १७,७०० : ११,२०० = १.५८. इथेही शंभर कोण हेच विसरले जाते, फक्त जरा वरच्या इयत्तेत.

आणि टक्क्यांची वजाबाकी. रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो रेपो दर फेब्रुवारी २०२५ मध्ये ६.५० वरून ६.२५ झाला, तेव्हा बातमी "पाव टक्क्याची कपात" अशी होती आणि ती बरोबर होती, कारण तिथे दरातून दर वजा केला होता. दर स्वतः शेकडा किती उतरला असे विचारले तर उत्तर ३.८५. जीएसटीचा दर तेराने उतरला हेही खरे; किंमत तेरा टक्क्यांनी उतरली हे खोटे. दोन्ही ठिकाणी 'टक्के' हाच शब्द वापरावा लागतो, ही मराठीची अडचण आहे. वाक्यात 'दर' की 'किंमत' ते स्पष्ट लिहिणे हाच मार्ग.

उदाहरण तयार करणाऱ्यासाठी

असे उदाहरण स्वतः रचताना दुसरी रक्कम मनाने टाकता येत नाही. सगळा माल १८ चा असता तर २८,९०० चे २८,९०० × १०५/११८ = २५,७१६.१० झाले असते; सगळा १२ चा असता तर २८,९०० × १५/१६ = २७,०९३.७५. दिलेली रक्कम या दोघांच्या मध्येच पडायला हवी. २६,२५० पडते. कुणी २७,३०० टाकले, तर क्ष + य = २६,००० आणि ६क्ष = −२२,०००; दुकानात उणे साडेतीन हजारांहून जास्त किमतीचा शाम्पू निघतो. विद्यार्थ्याला ऋण उत्तर आले की तो आपलीच आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासत बसतो, बिचाऱ्याला प्रश्नच चुकला असेल अशी शंका येत नाही. ही पल्ल्याची चाचणी त्यालाही शिकवावी. सोडवायला बसण्याआधी अर्ध्या मिनिटात होते.

रचताना दोन्ही गटांचा जुना दर एकच ठेवला तर मात्र काहीच हाती लागत नाही. ११८क्ष + ११८य आणि १०५क्ष + १०५य ही दोन्ही क्ष + य एवढेच सांगतात; गट वेगळे करायला त्यांच्याकडे माहितीच नाही. दोन समीकरणे आहेत म्हणून दोन उत्तरे मिळतील, हा भ्रम मोडायला हे उदाहरण एकदा मुद्दाम फळ्यावर द्यावे.

दहा रुपयांचा पुडा

छोट्या पुड्यांपाशी हा हिशेब वेगळे वळण घेतो. दहा रुपयांचा बिस्किटांचा पुडा १०५/११८ ने ₹८.९० चा होतो. नव्वद पैसे कोण देणार आणि दहा पैसे सुटे कोण ठेवणार? म्हणून किंमत दहाच ठेवून वजन वाढवणे हा सोपा मार्ग. पुडा ५० ग्रॅमचा असेल तर किती वाढवायचे? किंमत ११.०२ टक्के उतरायला हवी होती, म्हणून वजन ११.०२ टक्के वाढवा, असे करून ५५.५१ ग्रॅम काढले तर ग्राहकाचे नुकसान. दर ग्रॅमची किंमत १०५/११८ व्हायला हवी, तर वजन ११८/१०५ पट हवे. वाढ १३/१०५, म्हणजे १२.३८ टक्के, वजन ५६.१९ ग्रॅम. तेच तेरा रुपये, पण आता शंभरच्या जागी १०५ बसले.

पुड्यावर ५६ ग्रॅम छापले, तर प्रत्येक पुड्यामागे ग्राहकाचे तीन पैशांहून थोडे जास्त राहतात. ५७ छापले, तर ते कंपनीच्या खिशातून जातात, आणि मग किती, हे आता वाचणाऱ्याने काढावे. शंभर कोण ते आधी समासात लिहून.